मिक्सर, कुंकू आणि रिजेक्शन नोट

नवीन वस्तू दसऱ्यालाच काढायची हा आमच्या आईचा नियम, आणि त्याच्यापुढं घरात कुणाचं काय चालत नाही. सेलमधे मी मिक्सर मागवलेला, तो घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशीच आला, पण खोकं तसंच देवघराच्या बाजूला. खंडेनवमीला पुजायचं, दसऱ्याला काढायचं. रिटर्नची मुदत ७ दिवस आहे हे मी ॲपवर वाचलेलं होतं, पण आईला "आधी चालवून बघूया, मग पुज" म्हणून सांगायचं डेरिंग झालं नाही. दसऱ्याला खोकं उघडलं, आईनं मिक्सरवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, संध्याकाळी आम्ही सगळे सोनं लुटायला दसरा चौकात. मुदत दोन दिवसांपूर्वीच संपलेली.

रविवारी मटण. तांबड्या रश्श्याचं वाटण घातलं, सुकं खोबरं, तीळ, खसखस, भाजलेला कांदा. मिक्सर दोन-तीन मिनिटं चालला आणि बंद. खालचं लाल बटण दाबून परत चालू केला, परत बंद, आणि तिसऱ्यांदा स्वयंपाकघरात असा जळकट वास सुटला की अण्णा बाहेरनं ओरडले, "काय जळायलंय रे?" वाटण शेवटी शेजारच्या काकूंच्या मिक्सरवर झालं. जेवताना अण्णा फक्त एवढंच म्हणाले, "लक्ष्मीपुरीतनं आणला असतास तर आत्ता तंगड्या धरून दुकानदाराच्या काउंटरवर ठेवला असता." ३,२४९ रुपयांचा मिक्सर, दुकानात तसलाच चार हजाराला सांगत होते म्हणून ऑनलाइन घेतला होता, त्यामुळं गप्प बसलो.

पहिले चार दिवस मी तेच केलं जे सगळे करतात, म्हणजे चॅटवर भांडलो. आधी बॉट, मग माणूस, मग दुसरा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासनं गोष्ट सांगायची, आणि प्रत्येकाचं उत्तर एकच, रिटर्न विंडो बंद झाली आहे सर, आपण ब्रँडशी संपर्क करा. ब्रँडचं सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात नाही. त्यांच्या नंबरवर एक बाई म्हणाल्या, सेलरशी बोला. सेलर म्हणाला, फोटो पाठवा. फोटो पाठवले तर त्याचं उत्तर आलं की युनिटवर लाल रंगाचे डाग दिसतायत, हे फिजिकल डॅमेजमधे येतं, वॉरंटी मिळणार नाही.

लाल डाग म्हणजे आईचं स्वस्तिक!

हे आईला सांगायची चूक केली. "त्याला म्हणावं कुंकू आहे ते, तुझ्या घरात पूजाबिजा करत नाहीत काय?" मी खरंच तसं टाइप केलं, आणि त्यावर बॉटनं मला रेटिंग द्यायला सांगितलं.

मग मिक्सर पिशवीत घालून शाहूपुरीत एका मामांकडं नेला. त्यांचं दुकान म्हणजे तीन फुटाची बोळ, पण मोटर रिवाइंडिंगमधे माणूस एकदम जगात भारी. मी म्हटलं खोलून बघा. ते म्हणाले, "पाव्हणं, खोलत नाही. सील मोडलं की ते म्हणणार तुम्हीच बिघडवला." मग त्यांनी मिक्सर नुसता उलटा केला, चष्मा वर केला आणि विचारलं, "किती वॅटचा म्हणून घेतलाय?"

"साडेसातशे."

"मग ह्याच्यावर पाचशे का लिहिलंय?"

बुडाला चिकटवलेली ती चंदेरी पट्टी असते ना, व्होल्टेज, वॅट वगैरे लिहिलेली, तिच्यावर स्पष्ट ५०० वॅट. घरात पूजा झाली, हार घातला, वाटण जाळलं, पण उलटा करून कुणी बघितला नाही. मामांचं म्हणणं असं की सुकं खोबरं, तीळ असलं वाटण म्हणजे मोटरला लोड, पाचशेची मोटर त्यात लगेच तापते, वर लाल बटण दाबून दाबून आपण ती आणखी भाजतो. तपासायचे पैसे विचारले तर म्हणाले, "उलटा करायचे काय पैसे घ्यायचे?"

तिथं माझं डोकं जाग्यावर आलं. मी गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीच्या क्वालिटीमधे आहे, दिवसभर हेच करतो. पार्टीकडनं माल आला आणि ड्रॉइंगप्रमाणं नसला तर आम्ही फोनवर शिव्या देत बसत नाही. म्हणजे देतो, पण त्याच्या आधी रिजेक्शन नोट काढतो. पीओ म्हणजे ऑर्डरचा नंबर, मालाबरोबरच्या चलनाचा नंबर, काय मागवलं, काय आलं, फरक किती, फोटो, आणि खाली आम्हाला काय पाहिजे. एक पान. समोरच्याला त्यावर "डाग आहे" असलं काय बोलताच येत नाही, कारण प्रश्न डागाचा नसतोच, मापाचा असतो. मी घरी चार दिवस "मिक्सर जळला, जळला" म्हणून बोंबलत होतो, आणि जळण्यावर ते शंभर कारणं सांगू शकतात, जास्त घातलं असेल, पाणी गेलं असेल, कुंकू लागलं असेल. पाचशे आणि साडेसातशेवर काय सांगणार?

रात्री बसून नोट काढली. लिस्टिंगचा स्क्रीनशॉट घ्यायला गेलो तर काय बघतोय, सेलरनं पान बदललेलं! आता तिथं ५०० वॅट. दोन मिनिटं पोटात गोळाच आला. मग आठवलं की बिल आहे, मेलवर आलेलं, आणि बिलावर वस्तूचं नाव जसंच्या तसं छापलेलं असतंय, लांबलचक, त्यात "७५० वॅट" आहे. ते बिल आता त्याच्या बापाला पण बदलता येणार नव्हतं.

ही नोट चॅटवर टाकली नाही. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क ॲपवर द्यावा लागतो, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तसं आहे. ॲपच्या पार तळाशी, बारीक अक्षरात सापडला. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. आणि त्याच नियमांत हे पण आहे की वस्तू सदोष असली किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसली तर सेलरला माल परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. ७ दिवसांची विंडो संपली म्हणून ह्यातनं सेलर सुटत नाही, असा मी अर्थ घेतला. हे मला आधी माहीत असतं तर चार दिवस वाचले असते.

त्याच दिवशी १९१५ ला फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. ते कंपनीला आदेश देऊ शकत नाहीत, कोर्ट नाही ते, पण तक्रार नोंदवून नंबर देतात आणि कंपनीकडं पाठवतात. तो नंबर मी नोटवर सगळ्यात वर टाकला.

पोच दुसऱ्याच दिवशी आली. मग सुरू झाली घासाघीस. पहिली ऑफर, ५०० रुपये वॉलेटमधे. अण्णा म्हणाले, "वॅटला एक रुपया दिला की त्यानं." दुसरी ऑफर, तोच मिक्सर बदलून. म्हणजे परत तीच पट्टी, नको. मग सेलरनं नवीन काढलं की पट्टीवरचा आकडा साधा आहे आणि ७५० म्हणजे पीक पॉवर, क्षणभर गाठता येणारी जास्तीत जास्त ताकद. मी एका ओळीत उत्तर दिलं, बिलावर पीक हा शब्द कुठं आहे ते दाखवा. त्यावर आठ दिवस सगळं शांत.

मग शेवटचा मेल लिहिला. अमुक तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. हे नुसतं भ्या दाखवायला नव्हतं, मसुदा खरंच तयार होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक जिथं राहतो तिथंच तक्रार करता येते. आधी १९८६ च्या कायद्यात नुसतं तेवढ्यावर चालत नव्हतं, आणि हा सेलर दिल्लीकडचा, म्हणजे मिक्सरपेक्षा रेल्वेचं तिकीट महाग पडलं असतं. आता सरकारच्या ई-जागृती पोर्टलवर घरात बसून टाकता येते, दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असली तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि तक्रार टाकायची मुदत २ वर्षं. मसुद्याची पीडीएफ मेलला जोडली. विरोधी पक्ष क्रमांक १ सेलर, क्रमांक २ ॲपवाली कंपनी. मला वाटतं त्या क्रमांक २ नं काम केलं, कारण तोपर्यंत ॲपवाले "आम्ही फक्त मधे आहोत" असंच बोलायलेले.

तिसऱ्या दिवशी रिफंड मंजूर, पिकअप उद्या.

पिकअपला आलेल्या पोरानं खोकं मागितलं. आमच्या अण्णांनी आजवर एक खोकं टाकलेलं नाही, माळ्यावर १९९० च्या टीव्हीचं पण आहे, त्यामुळं थर्माकोलसकट हजर केलं. पोरगं मोबाइलवर एकेक प्रश्न टिक करत होतं. "वस्तूवर डाग आहेत का?" असं त्यानं वाचलं आणि मिक्सरकडं बघितलं. स्वस्तिक अजून होतं, पुसायला आईनं बंदी घातलेली. पोरगं म्हणालं, "कुंकू हाय व्हय. नाही टिक करतो." इचलकरंजीचं होतं, मी विचारलं.

पाच दिवसांनी ३,२४९ खात्यात. अण्णा आणि मी लक्ष्मीपुरीत जाऊन दुसरा मिक्सर आणला, सहाशे रुपये जास्त गेले. दुकानदार प्लग लावून दाखवायच्या आधीच अण्णांनी तो काउंटरवर उलटा केला.

पिकअपच्या गडबडीत एक घोळ झाला, चटणीचं छोटं भांडं आमच्याकडंच राहिलं, पाट्यावर वाळत ठेवलेलं. मी मेल केला की भांडं राहिलंय, घेऊन जा. त्याला अजून ना पोच ना उत्तर. आई त्यात शेंगदाण्याचं कूट ठेवते.