फडक्यातली भाकर

पहाटे पावणेपाचला कामठीतल्या आमच्या चर्चच्या फाटकाशी आम्ही सहा जणी जमलो. तारीख २३ नोव्हेंबर. कन्हान नदीकडून गार वारा येत होता आणि स्कार्फ कितीही आवळला तरी कानात शिरत होता. माझ्या पिशवीत पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या दोन ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि एक कांदा. भाकरी माझ्या लेकीनं रात्री हट्टानं स्वतः थापलेल्या. चौदा वर्षांची आहे, पहिल्यांदाच चालायला आली होती.

कामठी ते नागपुरातलं झिरो माईल ही पंधरा-सोळा किलोमीटरची वाट माझी आई १९९५ पासून दरवर्षी चालायची. सुरुवातीला एकटी, मग चर्चच्या मंडळीतल्या दोन-चार जणी सोबत यायला लागल्या. ती गेल्यावरचं हे दुसरं वर्ष.

आम्ही याला वारीच म्हणतो. ख्रिस्ती माणसानं वारी म्हणावं का, असं मंडळीत एक-दोघांनी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, टिळकांना विचारा. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकारामानं बांधलेल्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, हे ते उघडपणे सांगत. मग मराठी ख्रिस्ती बाईनं पायी चालण्याला दुसरं कोणतं नाव द्यायचं?

आई सिस्टर होती, नागपुरातल्या एका दवाखान्यात. २३ नोव्हेंबर १९९४ ला तिची ड्युटी होती. त्या दिवशी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. विदर्भभरातून आलेली गुरं राखणारी माणसं, अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला. झिरो माईलजवळ मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर मोर्चा अडवला. माणसं दिवसभर तिथंच बसून राहिली. संध्याकाळी पोलिसांचा लाठीमार झाला, पळापळ झाली, आणि चेंगराचेंगरीत ११४ जणं गेली. बहुतेक बाया आणि लेकरं.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आई घरी आली, तशीच मोरीत गेली आणि कितीतरी वेळ हात धूत राहिली. आम्हाला काही सांगितलं नाही. सांगितलं ते खूप वर्षांनी, मी स्वतः आई झाल्यावर. त्या रात्री वॉर्डाच्या कोपऱ्यात माणसांच्या पिशव्या आणि गाठोडी रचून ठेवली होती. कुणाचं नावगाव सापडतं का बघायला तिनं एक गाठोडं सोडलं. आत चिठ्ठी नव्हती. भाकरी होत्या, ठेचा होता. "अजून मऊ होती गं," आई म्हणाली. "सकाळी कुणीतरी चुलीपुढं बसून केलेली. संध्याकाळी मोर्चा सुटला की खाऊ म्हणून ठेवलेली." ती कुणाची, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं ते फडकं परत तसंच बांधून ठेवलं. पुढच्या वर्षी त्याच तारखेला आपल्या घरच्या भाकरी फडक्यात बांधून ती पायी निघाली.

ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आम्ही फारसं बोललो नाही. तिथून डोक्यावर मेट्रो सुरू होते. इंदोरा चौकाच्या अलीकडे एका टपरीवर थांबून नुसता चहा घेतला आणि शेजारच्या पारावर बसून बायबलातल्या विलापगीताचा तिसरा अध्याय वाचला. आईनं घालून दिलेली रीत. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यानंतरचं ते रडणं, पाच अध्यायांचं. परमेश्वराची करुणा रोज सकाळी नवी होते, या सगळ्यांना पाठ असलेल्या ओळी त्यातल्याच, पण त्या पुस्तकाच्या शेवटी येत नाहीत. त्या मधोमध येतात, आणि त्यानंतर पुन्हा दोन अध्याय रडणं चालूच राहतं. ज्यानं हे पवित्र शास्त्रात तसंच ठेवलं, त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. आईला मूठमाती दिली त्या दिवशी मला एकीनं, प्रेमानंच, सांगितलं होतं की रडू नका, रडलं तर विश्वास कमी पडला असं होतं. ते वाक्य महिनोन्‌महिने माझ्या घशात अडकून होतं. लाजराच्या थडग्यापाशी येशू रडला. घटकाभरात आपण त्याला मरणातून उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. मग आम्ही कोण आसवं आवरणारे?

गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, तिच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांवर मेट्रो. लेक मान वर करून बघत राहिली. वरून गाडी गेली की खालची जमीन किंचित हलते. कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोह्यांचा वास आला तेव्हा तिचा चेहरा बघून मला भरून आलं. "थांबायचं का?" मी विचारलं. ती म्हणाली, "आजी थांबायची?" मी म्हटलं, नाही. "मग चला."

चालताना माझ्या मनात दरवर्षी लूकच्या शुभवर्तमानातली अम्माऊसची वाट येते. यरुशलेमेपासून साठ स्टेडिया, म्हणजे अकरा-एक किलोमीटर, आमच्या वाटेपेक्षा थोडी कमीच. येशूला वधस्तंभावर दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी दोघं त्या वाटेनं निघालेत, क्लयपा आणि त्याचा सोबती, झालेलं सगळं एकमेकांना सांगत. एक अनोळखी वाटसरू येऊन मिळतो. विचारतो, काय बोलताय? ते म्हणतात, यरुशलेमेत राहून तुलाच ठाऊक नाही? तो विचारतो, "कोणत्या गोष्टी?"

लहानपणी मला वाटायचं, येशू त्यांची परीक्षा बघतोय. आता तसं वाटत नाही. खिळे ज्याच्या हातात गेले त्याला काय झालं हे सांगायला नको होतं. पण सांगायची गरज त्या दोघांना होती, म्हणून त्यानं विचारलं आणि मग न तोडता ऐकलं. त्या सांगण्यात क्लयपाच्या तोंडून एक वाक्य येतं, हाच आमची सुटका करणार अशी आमची आशा होती. होती! सगळं कोसळल्यावर माणूस आशेबद्दल असाच बोलतो, भूतकाळात. तिथंही तो त्यांना गप्प करत नाही. पुढं शास्त्रातलं उलगडून सांगतो ते सगळं ऐकून घेतल्यावर.

साडेनऊच्या सुमारास झिरो माईलला पोचलो. चार घोड्यांचा तो दगडी खांब मागे पडला आणि गोवारी शहीद स्मारकापाशी गर्दी दिसली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, कुठून कुठून आलेली माणसं. पांढरी टोपी घातलेले म्हातारे, नऊवारीतल्या आज्या, मोबाईलवर फोटो काढणारी कॉलेजची पोरं. बाजूच्या उड्डाणपुलालाही आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे. मागणी मात्र अजून लटकलेली. अनुसूचित जमातींच्या यादीतला 'गोंड गोवारी' म्हणजे एक जमात की दोन, हा वाद कोर्टात गेला. २०१८ मध्ये नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. ख्रिस्तजन्माची बातमी पहिल्यांदा रानात रात्री कळप राखणाऱ्यांना मिळाली, हे आम्ही दर नाताळाला गातो. ज्यांची हयात गुरांमागे गेली त्यांची मेलेली माणसं आमच्या चर्चपासून सोळा किलोमीटरवर आहेत. आईला हे अंतर चालून जावंसं वाटलं, यात मला नवल वाटत नाही. बाकीच्यांना का वाटत नाही, याचं मात्र वाईट वाटतं.

फुलं वाहून आम्ही बाजूला बसलो. शेजारी एक आजी पाय पसरून बसल्या होत्या.

"कोन गावच्या?" त्यांनी विचारलं.

"कामठीच्या."

"गोवारी?"

"नाही आजी, ख्रिस्ती. माझी आई सिस्टर होती. त्या रात्री दवाखान्यात होती ती."

आजी काही बोलल्या नाहीत. मी म्हटलं, "त्या दिवशी काय झालं होतं, सांगता का?"

"तुले मालूम नाई?"

"मालूम आहे. तरी तुम्ही सांगा."

त्यांनी पदर नीट केला आणि सांगायला लागल्या. "माही जाऊ होती संगं. ट्रकनं आलो आमी. दिवसभर बसून होतो. सवलत भेटन, पोरं शिकतीन, नौकरी लागन, असं वाटे आमाले. सांज झाली त जाऊ म्हने, घरी गेल्यावर भरीत करू. वांगे तोडून ठेवले होते तिनं. तेच बोलत होती वं बाई, बोलता बोलताच मांगून रेटा आला." त्या थांबल्या. "दुसऱ्या रोजी मी घरी गेली. वांगे तसेच सुपात."

बराच वेळ कुणीच बोललं नाही. माझी लेक आजींकडे बघत होती, डोळे भरलेले, पण नजर वळवली नाही तिनं. मग तिनंच माझ्या पिशवीतून फडकं काढलं, गाठ सोडली, एक भाकर उचलून मोडली आणि अर्धी आजींच्या हातावर ठेवली. अम्माऊसच्या त्या घरात त्यानं भाकर मोडली तेव्हा त्या दोघांनी त्याला ओळखलं, असं लूक लिहितो.

आजींनी भाकर हातात फिरवून पाहिली. ठेच्याला लावून एक घास खाल्ला. सावकाश चावला.

"कोनं केली?"

"मी," लेक म्हणाली.

"कडा फाटल्या पोरी. थंड्या पान्यात भिजवलं पीठ?"

लेकीनं मान हलवली.

"पानी उकळू देजो. मंग पीठ टाक, झाकून ठेव, अन् हात पोळंस्तोर मळ." त्यांनी उरलेल्या तुकड्याचे दोन केले, एक तिच्या हातात दिला. "पुढच्या साली आनजो. मी पायतो कशी जमते त."