आमची वाटचाल : ‘मासा खात नाही’

2009 साली सातारा रोडला दहा बाय आठचा गाळा घेतला, तेव्हा मोठ्या टाक्या मांडायला जागाच नव्हती. म्हणून फायटर मासे, म्हणजे बेट्टा. एका फळीवर चाळीस बरण्या बसायच्या आणि हवेचा पंप लागायचा नाही, कारण हा मासा वर येऊन तोंडानं हवा घेतो. (दुकानात बरणी ठीक आहे. घरी दहा-बारा लिटर पाणी द्या, कुणी काहीही सांगो.) माल चेन्नईच्या कोळत्तूरचा, पण मिळायचा कुर्ल्याला. रात्रीच्या एसटीनं निघून पहाटे कुर्ल्याचा बाजार गाठायचा, एकेक पिशवी दिव्यासमोर धरून बघायची आणि दुपारपर्यंत परत यायचं. शाळेपासूनचा एक मित्र भागीदार होता. गल्ला आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे, मासे आणि त्यांचं खाणं माझ्याकडे.

नाव झालं ते खाण्यावरून. फायटर मांसाहारी आहे. त्याचं तोंड वर वळलेलं असतं, पाण्यावर पडलेला किडा आणि डासाची अळी टिपायला. आमच्याकडे येणारे लोक त्याला पोळीचा चुरा घालायचे, भाताची शितं घालायचे, एका घरात तर बारीक शेव. ‘व्हेज खाणं द्या’ म्हणणाऱ्यांना मी हात जोडून सांगायचो की घरात अळी चालत नसेल तर गप्पी न्या, या जिवाचे हाल करू नका. अजूनही तेच सांगतो.

ट्युबिफेक्स, म्हणजे माशांना घालतात ते बारीक लाल जंत, आम्ही 2012 मध्येच बंद केले. ते गटारातून येतात आणि सोबत काय घेऊन येतात ते धुऊन जात नाही. त्याऐवजी गच्चीवर प्लास्टिकच्या टबांत हिरवं, शेवाळाचं पाणी करून मोइना (पाण्यातला टिकलीहून बारीक जीव) वाढवला, ओट्सच्या लगद्यात मायक्रोवर्म (डोळ्याला जेमतेम दिसणारे जंत) लावले आणि पिल्लांसाठी ब्राइन श्रिम्प, म्हणजे खाऱ्या पाण्यातली इवली कोळंबी. त्याचं यंत्र म्हणजे कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, बूड कापून उलटी टांगलेली. आत खडे मिठाचं पाणी, तळापर्यंत हवेची नळी, शेजारी 40 वॉटचा पिवळा बल्ब. पाणी 28 अंशांच्या आसपास राहिलं तर चोवीस ते छत्तीस तासांत अंडी फुटतात. मग हवा बंद करायची. टरफलं वर येतात आणि जिवंत पिल्लांचा केशरी ढग उजेडाकडे गोळा होतो. तो नळीनं ओढून घ्यायचा, आमच्या हिच्या जुन्या रेशमी ओढणीतून गाळायचा, गोड्या पाण्यात खळबळायचा आणि ड्रॉपरनं सोडायचा. फायटरची पिल्लं पोहायला लागली की पहिले काही दिवस हलणारंच खाणं धरतात, कोरड्या पुडीकडे बघतही नाहीत. ती पहिली बाटली अजून आहे. नळी तीनदा बदलली.

2017 च्या दिवाळीनंतर भागीदार वेगळा झाला. वेगळा झाला त्याचं दुःख नाही. गिऱ्हाइकांची वही आणि नंबर घेऊन गेला आणि दोन गल्ल्या सोडून दुकान उघडलं, त्याचं आहे. हिशेब करून गेला असता तर मी त्याच्या दुकानाला नारळ फोडायला गेलो असतो.

डिसेंबरात फोन सुरू झाले. ‘मासा खात नाही.’ ‘दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो.’ ‘पोट फुगलंय.’ दोन आठवड्यांत एकतीस घरं. काही जण मेलेला मासा पिशवीत घालून दुकानात आले आणि इतर गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर ठेवला. तिकडे भागीदारानं सांगायला सुरुवात केली की आमच्या अळ्यांतून रोग पसरतोय. ज्या ट्युबिफेक्सचा हा आरोप होता ते बंद करून पाच वर्षं झाली होती, आणि तेव्हा तोच गल्ल्यावर बसायचा. जानेवारीचं भाडं मी हिच्या बांगड्या ठेवून भरलं.

त्या वेळी आमचे पोस्टातले काका आले. निवृत्त माणूस, एकच निळा हाफमून (अर्धचंद्रासारखी शेपटी पसरणारा फायटर), पाळून दोन वर्षं झालेली. त्यांना रोज लिहायची सवय. शंभर पानी वही, रेघा मारून रकाने: तारीख, सकाळी किती दाणे, संध्याकाळी किती, विष्ठा झाली का. त्यांनी वही काउंटरवर उघडली आणि बोट ठेवलं. मासा 12 तारखेला खायचा थांबला. आमच्याकडून नेलेली नवी पुडी त्यांनी फोडली 17 तारखेला. म्हणजे निदान त्यांच्या घरी तरी दोष खाण्याचा नव्हता.

मी काचेचा थर्मामीटर खिशात घातला आणि एकतीसच्या एकतीस घरं फिरलो. एकोणीस घरांत पाणी 19-20 अंशांवर उतरलेलं. फायटर थायलंडकडचा, त्याला 24 ते 28 लागतं. थंड पाण्यात त्याचं पचन मंदावतं. मग तो पंख मिटून तळाशी बसतो आणि खाण्याकडे मान वळवत नाही. आठ घरांत मात्र दोष आमच्या पुडीचा होता. एका घाऊक व्यापाऱ्याकडून पाच किलोचं पोतं स्वस्तात घेऊन वीस-वीस ग्रॅमच्या पुड्या बांधल्या होत्या. नाकाशी धरली तर जुन्या तेलासारखा खवट वास. तिथले मासे दाणा घ्यायचे, थुंकायचे, पुन्हा घ्यायचे, पुन्हा थुंकायचे. व्यापाऱ्यानं हात वर केले. मी सगळ्या पुड्या परत घेतल्या, पैसे दिले आणि पोतं फेकलं. उरलेल्या चार घरांत नुसतं अति खाणं. आजोबा सकाळी घालत होते, नातू शाळेतून आल्यावर आणि सून रात्री.

म्हणून सांगतो. फायटरचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं धरा. बारीक दाणे दोन-तीन, दिवसातून दोनदा, आणि दाणा पाण्यात फुगतो हे लक्षात ठेवा. आठवड्यातून एक दिवस उपास. पोट फुगून तिरका तरंगत असेल तर दोन-तीन दिवस काही घालू नका, मग मोइना किंवा त्याचाच थोडा मोठा भाऊ डॅफ्निया द्या. वाटाणा घालायला सांगतात, तो या माशाचा आहार नव्हे. वाळवलेले ब्लडवर्म (चिलटासारख्या किड्याच्या लाल अळ्या) भिजवल्याशिवाय देऊ नका. नवा आणलेला मासा दोन-तीन दिवस खाल्लं नाही तरी चालतो, घाबरून बरणीत पुडी उपडी करू नका. नर बुडबुड्यांचं घरटं राखत असेल तेव्हाही त्याचं खाण्यावर लक्ष नसतं. पण खवले उभे राहिलेले दिसले तर ते दुखणं वेगळं आहे, त्यावर उपास हा इलाज नाही.

एकोणीस घरांत मी 25 वॉटचे हीटर खरेदीच्या भावात दिले. काकांच्या वहीत 29 तारखेला लिहिलंय: ‘पाणी 26. सकाळी 2 दाणे. दोन्ही गिळले.’ त्या पानाची झेरॉक्स काढून गल्ल्यामागे लावली. लोक वाचत, विचारत, आणि हळूहळू परत आले.

पुढची वर्षं नीट गेली. लॉकडाऊनमध्ये गच्चीवरचा मोइना जगवला, बांगड्या सोडवल्या, शेजारचा गाळा घेतला. काकांचा निळा गेला, आता लाल प्लाकट (आखूड शेपटीचा फायटर) आहे आणि वही चौथी चालू आहे.

भागीदाराचं दुकान 2021 मध्ये बंद झालं. गेल्या वर्षी पावसाळ्यात तो आला, घरी हौस म्हणून फायटरची पिल्लं काढली होती आणि ती कोरडं धरत नव्हती. ज्या लोकांना त्यानं काय काय सांगितलं होतं त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. मी मोइनाचं बियाणं पिशवीत भरलं, पिशवी फुगवून रबर लावलं, हिरवं पाणी कसं करायचं ते सांगितलं आणि पन्नास रुपये घेतले. पिल्लं दहा दिवसांची होती, त्यांचा काय दोष.