ग्रीनिचला जाताय? एकच्या आत टेकडी चढा

डीएलआरने (लंडनची हलकी रेल्वे) कटी सार्क स्टेशनला उतरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. वाटेत कॉफी घेतली, तीच नडली. टेकडीवरच्या ग्रीनिच वेधशाळेची चढण दिसते त्याहून दमवते. धापा टाकत वर पोचलो तोवर मनोऱ्यावरचा लाल गोळा पडून गेला होता.

1833 पासून हा गोळा टेम्समधल्या जहाजांना वेळ दाखवत आलाय. 12.55 ला अर्ध्यावर चढतो, 12.58 ला टोकाला, एकच्या ठोक्याला खाली. त्यावर खलाशी आपली घड्याळं लावून घेत. वेधशाळेभोवतीच्या बागेतून फुकट दिसतो, पावणेएकलाच जागा धरा.

फाटकाजवळच्या भिंतीतल्या घड्याळाने आणखी घोळ घातला. तास काटा थेट खाली, म्हणजे सहा वाजले? तबकडी चोवीस तासांची आहे, बारा तळाशी येतात. शिवाय ऐन उन्हाळ्यातही ते ग्रीनिचचीच वेळ धरून बसतं, लंडनहून तासभर मागे.

शून्य रेखांशाच्या पट्टीवर फोटोसाठी रांग होती. मी तिच्या नादी लागलो नाही. जीपीएसचं शून्य तिथून सुमारे 102 मीटर पूर्वेला, बागेत येतं. फोन काढून बघा, मजा येते.

वेळ राखून ठेवा तो जॉन हॅरिसनच्या घड्याळांसाठी, ज्यांनी समुद्रात रेखांश काढणं शक्य केलं. अक्षांश सूर्याच्या किंवा ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून निघे. रेखांशासाठी मूळ ठिकाणची अचूक वेळ भर समुद्रात सोबत लागे. तिच्यात आणि जहाजावरच्या स्थानिक वेळेत जितका फरक, तितका रेखांश: एका अंशाला चार मिनिटं. घड्याळ चार सेकंद चुकलं की विषुववृत्तावर हिशेब एका सागरी मैलाने चुकला! 1707 मध्ये सिली बेटांच्या खडकांवर ब्रिटिश आरमाराची चार जहाजं फुटली, 1714 मध्ये संसदेने समुद्रात रेखांश काढण्याच्या युक्तीला 20,000 पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. हॅरिसन मूळचा सुतार. त्याचं पहिलं यंत्र 34 किलोंचं, दोन दांडे समोरासमोर डोलत राहतात. मी तिथेच अर्धा तास खिळलो. चौथं मात्र जेमतेम 13 सेंटिमीटरचं. जमैकाच्या सफरीत 81 दिवसांत ते फक्त पाचेक सेकंद मागे पडलं. आता ते मुद्दाम बंद ठेवलंय, कारण त्याला तेल लागतं आणि चालवलं की झीज होते.

वेधशाळेला तिकीट आहे, कुठली दालनं उघडी आहेत ते आधी संकेतस्थळावर बघा. पायथ्याचं सागरी संग्रहालय फुकट आहे.

परतताना कॉफीच्या बिलामागे गुणाकार केला. मुंबईचा रेखांश 72.8, गुणिले चार, म्हणजे 291 मिनिटं. चार तास एक्कावन्न. जुना ‘बॉम्बे टाइम’ ग्रीनिचच्या एवढाच पुढे होता.