पणजीचा शोध : कोतवाल बुक, फेरफार आणि रामकुंडावरची वही

आमच्या घराण्याची वंशावळ वडिलांच्या चुलत्यांनी फुलस्केप कागदावर नीट आखून ठेवली आहे. तिच्यात सात पिढ्यांचे पुरुष आहेत आणि बाई एकही नाही. निफाड तालुक्यातील आमची जमीन ज्या पणजीने ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर राखली, तिच्याविषयी घरात 'फार कडक होती' यापलीकडे कोणी काही सांगत नाही. म्हणून तिचा माग कागदपत्रांतून काढायचे ठरवले. (येथे नावे मुद्दाम देत नाही, कारण भाऊबंदांतला बांधाचा तंटा अजून मिटलेला नाही.)

सुरुवात तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातील कोतवाल बुकापासून, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीपासून केली. जुनी पाने मोडीत असल्यामुळे जाणकार वाचक सोबत न्यावा लागला. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर अशा वाचकांना बरे दिवस आले आहेत, तेव्हा वेळ आधी ठरवून घ्यावी. पणजोबांचा मृत्यू ऑक्टोबर 1918 मध्ये नोंदलेला सापडला आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता : ताप. त्या पानावर वरपासून खालपर्यंत तेच कारण, त्याच बोरूने लिहिलेले आहे. त्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर इन्फ्लुएन्झाने मुंबई इलाख्यात जो कहर केला, तो आमच्या गावात असा नोंदला गेला.

पणजी स्वतः कागदावर आली ती त्यानंतर. फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदवहीत, जिला जुनी माणसे ड-पत्रक म्हणतात, मयताचे वारस म्हणून दोन अज्ञान मुलांची नावे लागली आणि त्यांच्यापुढे 'अ. पा. क. आई' असे लिहून तिचे नाव आले. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात वयात न आलेल्या मुलांचा पालक. नवरा जिवंत असता तर ती या वहीत आलीच नसती, आणि थोरला मुलगा सज्ञान होताच पुढच्या एका फेरफाराने तिचे नाव कमीही करण्यात आले. मधली सुमारे बारा वर्षे सरकारदरबारी तिचे अस्तित्व होते. त्याआधी आणि नंतर ती फक्त घरात होती.

त्या बारा वर्षांतलाच एक कागद चुलत्यांच्या ट्रंकेत निघाला. सावकाराला मळ्याचा एक तुकडा गहाण देऊन विहिरीच्या बांधकामासाठी पैसे घेतल्याचे ते खत आहे. खाली सहीच्या जागी शाईचे एक वेडेवाकडे वर्तुळ असून शेजारी लेखनिकाने 'निशाणी बांगडी' असे लिहिले आहे. लिहिता न येणारा कुणबी जशी नांगराची निशाणी करी, तशी बाई बांगडीची करी. वर्तुळाची दोन टोके जुळलेली नाहीत, कारण टाक मध्येच अडखळला आहे. तिच्या हातचे म्हणून आमच्याकडे एवढेच आहे. विहीर मात्र आजही वापरात आहे आणि तिचे श्रेय वंशावळीत पणजोबांच्या थोरल्या मुलाला दिलेले आहे, जो खताच्या तारखेला जेमतेम नऊ वर्षांचा होता.

माहेर शोधणे सर्वांत अवघड गेले. पंचवटीतील आमच्या तीर्थोपाध्यायांनी मूळ गाव आणि आडनाव विचारून यजमान घराण्यांच्या नोंदींची वही काढली; आजोबांनी रामकुंडात अस्थी विसर्जित केल्या तेव्हाच्या नोंदीत ती 'मातोश्री' म्हणून आहे, पण नाव सासरचे. माहेर सिन्नरकडचे असे एका वृद्ध आत्याने सांगितल्यावर त्या बाजूच्या गावांचे यजमान ज्यांच्याकडे आहेत त्या उपाध्यांकडे गेलो. तिथे तिच्या भावाच्या नोंदीत, स्वतःच्या मुलांची नावे सांगून झाल्यावर, त्याने बहिणीचे माहेरचे नाव आणि ती आमच्या गावी दिल्याचे लिहवून घेतले होते. असे लिहवायची सक्ती कोणाचीही नव्हती.

सरकारी कागदांत आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्रात 2024 साली झाला. पणजीच्या त्या भावाचे भान त्याच्या काळाच्या पुष्कळ पुढचे म्हणावे लागेल. वंशावळीत आता तिची दोन्ही नावे लिहिली आहेत. थोरल्या मुलाच्या वयावरून तिचा जन्म 1895 च्या आसपासचा धरून सिन्नरला कोतवाल बुकांसाठी अर्ज केला आहे. मुलीच्या जन्माची नोंद तेव्हा बहुधा बापाच्या नावाखाली, नावाविना, नुसती 'मुलगी' अशी होत असे, त्यामुळे भावंडांच्या नोंदींमधील अंतरे जुळवूनच ती ओळखावी लागेल.