साचलेलं पाणी

माशांच्या नव्या टाकीसाठी मी माती चाळत होते आणि आई दारात उभी राहून बघत होती. “ही आता पाण्यात घालणार?” जन्मभर पाणी गाळून, तुरटी फिरवून मुलांना पाजलेल्या बाईला काय सांगणार! तळाला इंचभर साधी माती, शेणखत अजिबात न घातलेली. ती वर येऊ नये म्हणून तिच्यावर इंचभर बारीक खडी. आणि पहिल्याच दिवशी दाटीवाटीनं झाडं. शोभेपुरती दोन-चार लावली तर शेवाळच आधी घर करतं.

माझी आधीची टाकी फार स्वच्छ होती. दर रविवारी सगळं पाणी उपसायचं, खडी नळाखाली चोळचोळून धुवायची, आणि बुधवारी एखादा मासा उताणा! शिव्या मासेवाल्याला. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्या खडीवरच राहतात, त्यांनाच मी दर आठवड्याला मोरीत सोडत होते, हे फार उशिरा कळलं.

मातीची ही पद्धत डायना वॉल्स्टड या अमेरिकन बाईंच्या नावानं ओळखली जाते. हिशोब सरळ आहे. माशांचं खरकटं ते झाडांचं जेवण. अमोनिया झाडं शोषतात, माती कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइडही त्यांच्याच कामी येतो. माझ्या टाकीला पंप नाही, फिल्टर नाही. पूर्वी वीज गेली, गुडगुड थांबली की माझा जीव खालीवर व्हायचा. आता वीज गेलेली टाकीला कळतही नाही.

पहिला महिना मात्र अंत बघतो. पाणी कोऱ्या चहासारखं. नवी माती अमोनिया सोडते, म्हणून या दिवसांत पाणी बदलावंच लागतं आणि माशांना थांबावं लागतं. क्रिप्टोकोरिन या पाणवनस्पतीची तर सगळी पानं विरघळली. हिच्या जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत उगवतात, पण जागा बदलली की नखरे बघावेत! मेली समजून उपटायला गेले, तर मातीचा असा ढग उठला की पलीकडची काच दिसेना. निमूट हात काढून घेतला. तीन आठवड्यांनी तिला मुळातून नवी पानं फुटली.

तेव्हापासून आटेल तेवढं, रात्रभर बादलीत ठेवलेलं पाणी वरून घालते, बास. उन्हं आली की पानांवर प्राणवायूचे मोत्यासारखे बुडबुडे धरतात. झाडांबरोबर फुकट आलेल्या टोकदार शंखाच्या गोगलगाई दिवसभर खडीत बुडून माती भुसभुशीत करतात आणि रात्री काचेवर फिरायला निघतात.

परवा डेंग्यूच्या तपासणीला महापालिकेचा माणूस आला. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, सगळं पाहून बॅटरी टाकीवर आली.

“ताई, हे पाणी कधी बदललंय?”

“दिवाळीत,” मी चाचरत म्हणाले. जुलै चालू होता.

त्यानं वाकून पाहिलं. झाडीतून पाच-सहा गप्पी बाहेर आले. “गप्पी आहेत होय! मग अळ्या कुठल्या राहतायत. पण पाणी मधूनमधून बदलत जा.”

“ते बदलायचं नसतं,” आतून आई म्हणाली.