निगेटिव्ह अहवालातला विषाणू

सकाळी कामाला सुरुवात होते न होते तोच प्रयोगशाळेत फोन वाजला, की तो बहुधा राहिलेल्या अहवालाची चौकशी करणारा असतो. त्या दिवशीचा फोन मात्र आदल्या संध्याकाळी आम्ही पाठवून दिलेल्या अहवालाबद्दल होता. वॉर्डमधले यकृततज्ज्ञ आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, तुमचा हा रिपोर्ट मला पटत नाही." रुग्ण साठी ओलांडलेले गृहस्थ होते. लिम्फोमासाठी (लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी) रिटुक्सिमॅब आणि किमोथेरपी घेऊन त्यांना पाच महिने झाले होते, आणि आठवडाभरापासून डोळे पिवळे दिसत होते. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम, ९००च्या पुढे आणि बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे पिवळे रंगद्रव्य, १२ होते. आमच्या कागदावर 'हिपॅटायटिस बी : निगेटिव्ह' असे छापलेले होते आणि त्याखाली माझी सही होती.

एखाद्या औषधाचा हा परिणाम असेल, किंवा हिपॅटायटिस ई असेल, असे मी सुचवून पाहिले. त्यावर ते म्हणाले, "ए, ई, सी तिन्ही निगेटिव्ह आहेत, आणि संशयित औषधे थांबवूनही आकडे चढतच आहेत. रिटुक्सिमॅब घेतलेल्या माणसाला अशी कावीळ झाली, की मला बी सोडून दुसरे काही आधी सुचत नाही." त्यांचे म्हणणे योग्य होते. रिटुक्सिमॅब प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-२० या प्रथिनाला चिकटून त्या पेशी नष्ट करते, आणि दबून राहिलेला हिपॅटायटिस बी त्यामुळे उसळू शकतो, हा ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ सालीच या औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावला होता.

आमच्या विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ तंत्रज्ञ, ज्यांना आम्ही सगळेच ताई म्हणतो, त्यांनी तोच नमुना पुन्हा यंत्रावर लावला आणि निकाल पुन्हा निगेटिव्ह आला. नळ्यांची अदलाबदल झाली असावी म्हणून नवे रक्त मागवले. तेही निगेटिव्ह. मग मला वेगळीच शंका आली. ही चाचणी विषाणूच्या पृष्ठभागावरचे प्रथिन, म्हणजे सरफेस अँटिजेन, दोन प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) चिमटीत पकडते. एक प्रतिपिंड ते धरून ठेवते आणि दुसरे, ज्याला खुणेचा पदार्थ जोडलेला असतो, ते वरून येऊन बसते. रक्तात हे प्रथिन अफाट प्रमाणात असेल, तर काही चाचण्यांत दोन्ही प्रतिपिंडे वेगवेगळ्या कणांवर गुंतून पडतात, चिमटा जुळतच नाही आणि तुडुंब भरलेला नमुना रिकामा भासतो. त्यामुळे आम्ही नमुना आधी शंभरपट आणि मग हजारपट विरळ करून लावला. दोन्ही वेळा उत्तर तेच आले. ताई म्हणाल्या, "मॅडम, यंत्राचे कंट्रोल एकदम बरोबर येत आहेत. यंत्राला काहीही झालेले नाही." माझी अस्वस्थता त्यामुळेच वाढली, कारण यंत्र बिघडलेले असते तर ते दुरुस्त करता आले असते.

दुपारी नमुना पीसीआरला लावला. पीसीआर प्रथिन शोधत नाही, विषाणूचे डीएनए शोधते. सहाच्या सुमारास पडद्यावर वक्र उमटू लागला आणि इतक्या लवकर उसळला, की आम्ही दोघी एकमेकींकडे पाहतच राहिलो. एका मिलिलिटरमागे ८ कोटी ४० लाख आंतरराष्ट्रीय एकके! ज्याला मी निगेटिव्ह म्हणून सही केली होती, त्या रक्तात विषाणू अक्षरशः खच्चून भरलेला होता. मी ताबडतोब फोन करून आकडा सांगितला. पलीकडे क्षणभर शांतता होती, मग "एन्टेकाव्हिर आत्ताच सुरू करतो" एवढेच शब्द ऐकू आले; एन्टेकाव्हिर हे विषाणुरोधक औषध. त्यांनी मला एका शब्दानेही टोचले नाही, त्यामुळे मला अधिकच ओशाळे वाटले.

आता प्रश्न उरला होता तो इतका विषाणू चिमट्यातून निसटला कसा हा. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत वेगळ्या बनावटीचे किट होते, ज्यात एकाऐवजी अनेक जागी पकड घेणाऱ्या प्रतिपिंडांचे मिश्रण असते. तिथे हाच नमुना पॉझिटिव्ह आला. म्हणजे प्रथिन रक्तात होते, फक्त आमच्या किटमधल्या प्रतिपिंडाला ते ओळखता येत नव्हते. आम्ही पृष्ठभागाच्या जनुकाचे सिक्वेन्सिंग, म्हणजे त्याचे अक्षरन् अक्षर वाचणे, करायला दिले आणि दोन दिवसांनी उत्तर हाती आले. सरफेस अँटिजेनच्या १४५व्या स्थानी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन होते. जनुकाच्या चार अक्षरांच्या लिपीत हा एका अक्षराचा फरक आहे : जीच्या जागी ए.

या बदलाची ओळख विषाणुशास्त्राला १९९० पासून आहे. इटलीत विषाणुवाहक मातेच्या पोटी जन्मलेल्या, आणि लस व प्रतिपिंडे दोन्ही देऊनही संसर्ग झालेल्या बाळात तो आढळला होता. सरफेस अँटिजेनचा साधारण १२४ ते १४७ या अमिनो आम्लांमधला भाग कणाच्या बाहेर वेटोळ्यासारखा डोकावतो, आणि लसीने निर्माण होणारी बहुतेक प्रतिपिंडे याच वेटोळ्याला धरतात. ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. त्याच्या जागी धनभारित आणि आकाराने मोठे आर्जिनिन आले, की वेटोळ्याचा आकारच बदलतो आणि जुन्या आकारावर घडलेली प्रतिपिंडे घसरतात. आमच्या किटमधले प्रतिपिंडही त्याच वेटोळ्यावर बेतलेले होते. ते उंदराच्या बी पेशीपासून मिळवलेले आणि रुग्णाची स्वतःची प्रतिपिंडे मानवी, पण दोघांनीही एकाच ठिकाणी पकड घेण्याचे ठरवलेले; त्यामुळे एकाला चकवणारा विषाणू दुसऱ्यालाही आपोआप चकवून गेला. इतकी वर्षे मी निदानाची चाचणी ही शरीराबाहेरची, त्रयस्थ गोष्ट समजत होते. पेटीत बंद असलेले ते एक प्रतिपिंडच आहे, आणि प्रतिपिंडाच्या सगळ्या मर्यादा त्याला लागू आहेत, हे त्या छापील पानासमोर बसल्यावर मला पहिल्यांदा नीट उमगले.

एका अक्षराची चूक विषाणूला दुर्मीळ नसते. हिपॅटायटिस बीचा जनुकसंच जेमतेम ३२०० अक्षरांचा आहे. प्रत्येक अक्षराच्या जागी उरलेल्या तिघांपैकी कोणतेही येऊ शकते, म्हणजे एका अक्षराचे संभाव्य बदल सुमारे ९६०० होतात. भरात आलेल्या संसर्गात दिवसाला एकावर अकरा शून्ये किंवा त्याहूनही अधिक कण तयार होतात, आणि त्यांची प्रत काढणारे एन्झाइम आरएनएवरून उलटे डीएनए लिहिते व लिहिलेले तपासून पाहत नाही. या हिशेबात त्या ९६०० बदलांपैकी प्रत्येक बदल रोजच कुठे ना कुठे घडतच असतो. विषाणू मुद्दाम रूप बदलतो अशी भाषा आम्ही सैलपणे वापरतो, पण प्रत्यक्षात चुका सर्व दिशांना होतात आणि त्यांतल्या कोणत्या टिकतील हे प्रतिपिंडे ठरवतात. चूक फुकटही नसते. या विषाणूत पृष्ठभागाचे जनुक प्रत काढणाऱ्या एन्झाइमच्या जनुकावर संपूर्णपणे चढून बसलेले आहे, तेच अक्षर दोन वेगळ्या वाक्यांत वाचले जाते, आणि म्हणून १४५व्या स्थानी झालेला बदल एन्झाइमचेही एक अमिनो आम्ल बदलून टाकतो. इतक्या दाटीवाटीच्या लिखाणात बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. ही ठरली नाही.

चौथ्या दिवशी मी वॉर्डमध्ये गेले. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांना रुग्णापर्यंत जावे लागत नाही, पण त्या वेळी मला जावेसे वाटले. काका उशीला टेकून बसले होते. त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "मला तरुणपणी कावीळ झाली होती, पण ती महिन्याभरात बरी झाली. मग ही कुठून आली?" मी म्हटले, "काका, ही बहुधा तीच असावी."

त्यांना जे सोप्या शब्दांत सांगितले ते असे. हा विषाणू यकृताच्या पेशीत पित्तक्षार आत घेणाऱ्या एका दारातून शिरतो. ते दार कोणते, हे २०१२ साली कळले. आत गेल्यावर त्याचे अर्धवट दुपदरी डीएनए पेशीच्या केंद्रकात पोहोचते, पेशीचीच एन्झाइमे त्याची फट भरतात, आणि एक घट्ट, बंद वर्तुळ तयार होऊन ते पेशीच्या स्वतःच्या गुणसूत्रासारखे प्रथिनांभोवती गुंडाळले जाते. नव्या विषाणूंसाठी लागणाऱ्या आरएनए प्रती या वर्तुळावरून निघतात. कावीळ बरी होते, रक्तातला विषाणू जातो, संरक्षक प्रतिपिंडे तयार होतात, पण काही पेशींत ही वर्तुळे वर्षानुवर्षे तशीच राहतात. त्यांतून अधूनमधून निसटणारे कण टी पेशी आणि प्रतिपिंडे तिथल्या तिथे दाबून टाकतात. रिटुक्सिमॅबने काकांच्या बी पेशी पुसून टाकल्या, प्रतिपिंडे हळूहळू ओसरली आणि पहारा उठला.

काकांनी थोडा विचार करून विचारले, "पण मग किमो चालू असताना का नाही झाली?" वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या कित्येकांनाही हा प्रश्न सुचत नाही. हा विषाणू यकृताच्या पेशीला स्वतः मारत नाही. तो तिच्यात राहून आपल्या प्रती काढतो आणि पेशीची धोक्याची घंटा फारशी वाजूही देत नाही. पेशी मारतात त्या संसर्ग ओळखणाऱ्या टी पेशी. किमोथेरपी चालू असताना विषाणू वाढत होता, तेव्हा टी पेशीही दुबळ्या होत्या, म्हणून एसजीपीटी शांत राहिले. औषधे संपली, टी पेशी सावरल्या आणि त्यांना यकृत विषाणूने भरलेले आढळले. काकांच्या डोळ्यांचा पिवळेपणा हे शरीर परत लढू लागल्याचे चिन्ह होते, आणि त्याच लढ्याने यकृत निकामी होण्याचीही भीती होती.

परत आल्यावर मी एक काम केले, जे आधीच करायला हवे होते. उपचारांपूर्वी काकांच्या रक्ताची तपासणी आमच्याकडेच झाली होती, आणि उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ती नळी अजून होती. तेव्हा फक्त सरफेस अँटिजेन मागवले गेले होते. आम्ही तेवढेच पाहिले आणि निगेटिव्ह कळवले. आता त्याच नळीवर कोअर अँटिबॉडी, म्हणजे विषाणूच्या गाभ्यातल्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडाची चाचणी, लावली. या विषाणूशी एकदा गाठ पडली, की ही अँटिबॉडी सहसा आयुष्यभर रक्तात राहते. ती स्पष्ट पॉझिटिव्ह आली. सरफेसविरुद्धची संरक्षक प्रतिपिंडे ३८ एककांवर होती, म्हणजे होती पण जेमतेम. डीएनए मात्र सापडले नाही. विषाणूच्या मूळ रूपाला रोखायला पुरेसा आणि १४५ बदललेल्या रूपाला वाट मोकळी सोडणारा हा असा अर्धामुर्धा दाब अनेक वर्षे राहिला असेल, तर पहारा उठल्यावर नेमके तेच रूप वर आले यात मला नवल वाटत नाही. एवढी एक चाचणी वेळेवर मागवली असती, किंवा आम्ही होऊन सुचवली असती, तर किमोथेरपीच्या आधीच विषाणुरोधक औषध सुरू झाले असते आणि ही कावीळ बहुधा आलीच नसती. चूक मागवणाऱ्यांची जितकी, तितकीच 'सरफेस अँटिजेन आढळले नाही' असे लिहिण्याऐवजी ऐसपैस 'हिपॅटायटिस बी : निगेटिव्ह' छापणाऱ्या माझ्या अहवालाच्या नमुन्याचीही होती. तो नमुना मी त्याच संध्याकाळी बदलला.

आणखी एक खोच मला तेव्हा सुचली. हा विषाणू स्वतःच्या ४२ नॅनोमीटरच्या पूर्ण कणांबरोबर २२ नॅनोमीटरचे पोकळ कण रक्तात सोडतो, ज्यांत जनुके नसतात, फक्त सरफेस अँटिजेन असते. ते पूर्ण कणांच्या हजारो पटींनी जास्त असतात आणि प्रतिपिंडांना स्वतःवर गुंतवून ठेवतात. आमची चाचणी मुख्यतः हेच पोकळ कण मोजते. म्हणजे प्रतिकारशक्तीला भुलवण्यासाठी सोडलेल्या मालावर आम्ही निदान बेतलेले आहे, आणि एरवी ते उत्तम चालते.

काकांचा व्हायरल लोड औषधाने महिनाभरात हजारपटीने उतरला, आणि बिलिरुबिन त्यामागोमाग सावकाश खाली आले. केंद्रकातल्या वर्तुळांना हे औषध हात लावत नाही, ते फक्त नवे डीएनए लिहिणे थांबवते, त्यामुळे ते दीर्घकाळ चालू राहणार होते, आणि त्यांची प्रगती आमच्या जुन्या किटवर मोजण्यात काही अर्थ नव्हता; पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत त्याने एकच उत्तर दिले असते.

पुढच्या भेटीला काकू सोबत आल्या. घरातल्यांची तपासणी करायची होती. मुलांनी लस घेतलेली होती, आणि १९९९ साली लस टोचलेल्या चिंपांझींना हाच १४५चा बदल असलेला विषाणू दिला तरी त्यांना संसर्ग झाला नव्हता, त्यामुळे मुलांबद्दल मला फारशी काळजी नव्हती. काकूंचे रक्त मात्र दोन्ही किटवर आणि पीसीआरवर तपासले. सगळे निगेटिव्ह आले; कोअर अँटिबॉडी तेवढी पॉझिटिव्ह होती. "म्हणजे मलाही होऊन गेली का? मला तर कधीच काही झाले नाही," त्या म्हणाल्या. यकृततज्ज्ञांनी त्यांना औषधाची गरज नसल्याचे समजावून सांगितले, आणि त्यांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिले : कोअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह, प्रतिकारशक्ती दाबणारे कोणतेही औषध सुरू करण्यापूर्वी कळवावे.