रोजचा कचरा किती किलो? – माझा अनुभव

बाजार उठताना उरलेली भाजी-फळं जागेवरच निवडायची, खाण्याजोगी असतील ती लोकांना वाटून द्यायची, बाकीच्याचं खत करायचं, असा बेत होता. विक्रेते तयार होते, माल उचलणारी संस्थाही होती. घोडं अडलं परवानगीच्या फॉर्मवर.

एका रकान्यात हवं होतं: प्रकारानुसार रोजचा सरासरी कचरा, किलोमध्ये. हा आकडा कुणाकडेच नसतो, कारण सगळं एकाच ढिगात जातं आणि गाडी भरून निघून जाते. तोलायचं तर मोकळ्या जागेत टेबल-काटा मांडायला परवानगी हवी, आणि परवानगीला तो आकडा हवा! खिडकीतल्या साहेबांना यात काही वावगं वाटत नव्हतं. "अंदाजे लिहा" म्हणाले. लिहिलं, तर "आधार काय?" असा शेरा मारून कागद परत.

विक्रेत्याने आपल्याच गाळ्यात आपलाच माल तोलायला मात्र कुणी हरकत घेतली नाही. मग तिथेच टांगता काटा लावला. गाळ्यामागे चार क्रेट: माणसांना खाण्याजोगं, जनावरांसाठी, खतासाठी, आणि प्लास्टिक-रबर-सुतळी. रिकाम्या क्रेटचं वजन वजा करायला विसरू नका. पालेभाजी, फळं, कंदभाज्या असे वेगवेगळे गाळे घ्या. गर्दीचा दिवस घ्या, मंदीचाही घ्या. तोलायची वेळ एकच ठेवा, कारण पालेभाजी उन्हात पाणी गमावते आणि सकाळ-संध्याकाळची वजनं जुळत नाहीत. पावसात भिजलेला माल जड भरतो, तशी नोंद करा. प्रत्येक प्रकारची सरासरी गुणिले तशा गाळ्यांची संख्या, खाली विक्रेत्यांच्या सह्या. हे तक्ते जोडले आणि "आधार काय?" बंद झालं.

तरी कागद हलेना. विषय अन्नाचा की कचऱ्याचा, यावर दोन विभागांची टोलवाटोलवी. शेवटी खाण्याजोग्या मालाचा एक अर्ज आणि कचऱ्याचा दुसरा, असे वेगळे दिले. तुम्ही पहिल्यापासूनच दोन द्या.

वैतागून केलेल्या त्या नोंदींचा एक फायदा झाला. खताच्या क्रेटमध्ये न विकलेल्यापेक्षा चेंगरलेला माल जास्त दिसला. त्यावर उपाय म्हणजे मालाचा क्रेट काठापासून दोन बोटं रिकामा ठेवला, तर वरच्या क्रेटचा भार फळांवर न येता क्रेटच्या कडांवर येतो. पिकलेली केळी पालेभाजी आणि काकडीपासून लांब ठेवा. केळ्यांतून सुटणाऱ्या इथिलीनने (फळं पिकवणाऱ्या वायूने) पालेभाजी आणि काकडी लवकर पिवळी पडतात. ओलं गोणपाट कोरड्या हवेत चांगला गारवा देतं, दमट हवेत जवळपास काहीच नाही. बटाटे उन्हात हिरवे पडतात, ते वाटपात नकोत. बुरशी लागलेलं मऊ फळ कापून वाचवत बसू नका, थेट खतात टाका.

खताचं म्हणाल तर नुसती भाजी ढिगात घातली की ती आंबते आणि घाण वास सुटतो, मग तक्रारी येतात. एक क्रेट भाजीला दोन-तीन क्रेट सुका पाला घाला. ढीग निदान मीटरभर लांब-रुंद-उंच हवा, नाहीतर तापत नाही. मूठभर मिश्रण दाबल्यावर पाण्याची धार लागली, तर आणखी पाला.

आणि हो, निवडणं बाजार पूर्ण उठण्याआधीच सुरू करा. एकदा झाडू फिरला की खाण्याजोगंही मातीत जातं. जनावरांच्या क्रेटमधून जुड्यांचे रबर काढून टाका. कांदा त्यात भरमसाट घालू नका, गाईगुरांना तो बाधतो.